रशियन बायकांचं मधलं नाव

बोईसरच्या ज्या कारखान्यात मी टायपिस्ट होते, तिथून रशियाला बनियनं जायची. एवढ्या बर्फाच्या मुलखात लोक बनियन घालून करतात तरी काय, असं पॅकिंगमधल्या बायका मला विचारायच्या, जशी काही मी तिथे माहेरपणाला जाऊन आले होते. "आतून घालत असतील," मी म्हणायची. "वरून कोट." मनोरकडच्या डोंगरातून कामाला येणारी एक म्हातारी त्यावर म्हणायची, "मंग दिसायचा नाय, तर एवढी इस्तरी कशाला?" तिला काय सांगणार? इस्त्रीशिवाय माल पास होत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा बरेच कारखाने रशियाच्या ऑर्डरवर पोट भरत होते. कोणी औषधं पाठवायचं, कोणी साबण, आम्ही बनियनं. ऑर्डर आली की ओव्हरटाईम, नाही आली की सक्तीची रजा. माझं काम टेबलावरचं. माल कोणाकडे जाणार, तपासायला कोण येणार, कोणाच्या सहीनं सुटणार, हे सगळं इंग्रजीत टाईप करायचं, म्हणजे दिवसभर रशियन आडनावं बडवत बसायचं. आणि ती आडनावं इंग्रजीत आली की त्यांचे नुसते हाल व्हायचे. एकाच माणसाच्या आडनावाच्या शेवटी एका कागदावर 'व्ही' असायचा, तर दुसऱ्यावर दोन 'एफ'. त्यांची लिपी वेगळी, त्यामुळे इंग्रजीत आणताना ज्याच्या कानाला जसं लागेल तसं तो लिहायचा. बँकेचा माणूस म्हणायचा, ही दोन माणसं आहेत. मी म्हणायची, एकच आहे. तो म्हणायचा, दाखवा. आता मॉस्कोचा माणूस याला बोईसरमध्ये कुठून आणून दाखवू?

बायकांच्या आडनावांनी तर डोक्याला ताप दिला होता. नवरा पेत्रोव, तर बायको पेत्रोवा. नवरा इवानोव, तर बायको इवानोवा. पॅकिंगमध्ये यावर हशा व्हायचा. "सगळ्यांच्या मागं ओवा?" एक जण म्हणाली, "बायांची पोटं साफ राहत असतील." आमचे एक्स्पोर्टचे साहेब मात्र हसण्यातले नव्हते. स्वतःच्या इंग्रजीचा त्यांना भारी तोरा. एकदा माल तपासायला रशियाहून एक जोडपं येणार होतं, नवरा-बायको दोघंही कापडाच्या कामातले इंजिनियर. त्यांच्या कोटाला लावायच्या नावाच्या पट्ट्या मी टाईप केल्या. साहेबांनी बाईची पट्टी माझ्या टेबलावर आपटली. मिस्टर आणि मिसेसचं आडनाव एकच असतं, एवढं तरी कळतं का, म्हणाले. मी सांगून बघितलं, साहेब, त्यांच्यात बाईच्या आडनावाला शेवटी एक 'ए' लागतो. "इंग्रजीत लागत नाही," साहेब म्हणाले. संपलं. मी 'ए' काढून पट्टी नव्यानं टाईप केली.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली. थोराड, लालगोरी, आमच्या जानेवारीतसुद्धा घामानं निथळणारी. तिनं पट्टी वाचली आणि सरळ नवऱ्याच्या कोटाच्या दुसऱ्या बाजूला लावून टाकली. "हाही तोच," ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "मी वेगळी." तो बिचारा दोन पट्ट्या लावून दिवसभर कारखान्यात फिरला. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण परदेशी पाहुण्यांपुढे मूग गिळून बसावं लागलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, त्या दिवशी डबा दुप्पट चवीनं खाल्ला.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. पट्टी कोणी टाईप केली आणि कोणी करायला लावली, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. तिचं इंग्रजी तुटकं, माझं कागदावरचं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. ती म्हणाली, आमचं आडनाव म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर आहे. कोणाचा? इवानोव म्हणजे इवानचा. कधीकाळी कोणाला तरी कोणीतरी विचारलं असेल, तू कोणाचा रे, त्यानं सांगितलं इवानचा, आणि तेच पुढे घराण्याला चिकटलं. कोणी लांडग्याचा, कोणी सशाचा, कोणी गिरणीवाल्याचा. तिचं आडनाव लोहाराचं निघालं. नवरा लोहाराचा म्हणून ती लोहाराची, त्यातला 'ए' काढला की बाईच गेली. मी तिला म्हटलं, आमच्यातही लांडगे आहेत, वाघ आहेत, ससे आहेत, आणि समुद्राकडे गेलात तर होडी हाकणारे तांडेल आहेत. ती मोठ्यानं हसली. आणि 'तू कोणाची' हे तर आमच्या पॅकिंगमध्ये रोजच ऐकू यायचं. नवी पोरगी कामाला आली की तिचं नाव कोणी विचारत नसे. "कोनाची गं तू?" विचारायचे, आणि ती बापाचं नाव सांगायची.

मग मी तिला मधल्या नावाचं विचारलं, कारण तिच्या कागदांवर तीन नावं असायची आणि मधलं नेहमी लांबलचक. मधलं नाव बापाचं, ती म्हणाली. बापाच्या नावाला मुलासाठी शेवटी 'ओविच' लावायचं, मुलीसाठी 'ओवना'. म्हणजे अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी. त्यांच्याकडे म्हणे मोठ्या माणसाला साहेब, मॅडम म्हणत नाहीत. त्याचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव, दोन्ही जोडून म्हटलं की मान दिल्यासारखा होतो. इंग्रजीवाल्यांना हे पटत नाही, ते मधल्या नावाचं एक अक्षर करतात आणि पुढे टिंब देतात. "माझ्या बापाचं टिंब," ती म्हणाली. माझ्याही ओळखपत्रावर माझ्या वडिलांचं एक इंग्रजी अक्षर आणि टिंबच होतं, ते मी तिला दाखवलं.

"लग्न झाल्यावर?" मी विचारलं.

"लग्न झाल्यावर आडनाव नवऱ्याचं."

"आणि मधलं?"

तिला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला. "मधलं बाप," ती म्हणाली. "बाप कसा बदलेल?" मग मी तिला आमची रीत सांगितली. लग्न झालं की आमच्यात बापाचं नाव जातं आणि त्या जागी नवऱ्याचं येतं. बऱ्याच घरांत पहिलं नावही बदलतात, ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मग बाप कुठे जातो?" तिनं विचारलं. तिला मस्करी करायची नव्हती, खरंच विचारत होती.

संध्याकाळी घरी आल्यावर हे सगळं मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. आम्ही दोघंच होतो. बोईसरजवळच सरावलीला पत्र्याच्या छपराची एक खोली, पुढे मोरी. अण्णा मूळचे सांगलीकडचे. वसाहत नवी नवी होती तेव्हा आईला आणि मला घेऊन आले आणि रंगाच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. ज्या आठवड्यात पिवळा रंग चालू असेल त्या आठवड्यात अण्णांचा घाम पिवळा, उशीचा अभ्रा पिवळा, रुमाल पिवळा. मी शाळेत असतानाच आई गेली. दुसरं लग्न कर, वंशाला मुलगा नको का, असे गावाकडून निरोपावर निरोप आले, ते अण्णांनी कानाआड केले. पण गावाला गेलं की चुलत्यांच्या घरात पोरंच पोरं, आणि अण्णांचा विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणायचं, त्याचं काय, त्याच्यामागं नाव लावायला कोण हाय? परतीच्या एसटीत अण्णा अर्धा रस्ता खिडकीबाहेरच बघत बसायचे. ते त्यांच्या मनाला फार लागलेलं होतं. एरवी माझ्या बापाला कशाचीच हाव नव्हती, आपल्यामागे आपलं नाव कोणाच्या तरी नावात राहावं एवढीच होती.

त्यामुळे मी सांगत गेले तसा त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. "लेकीच्या नावात?" त्यांनी विचारलं. "लेकाच्या न्हवं?"

"दोघांच्याही."

"लगीन झाल्यावरबी?"

"मरेपर्यंत. तिच्या आईच्या थडग्यावरसुद्धा आईच्या बापाचं नाव आहे म्हणाली."

"असा देश हाय व्हय," अण्णा म्हणाले. मग त्यांनी विचारलं की माझं नाव तिथल्या पद्धतीनं कसं होईल. मी सांगितलं, आधी माझं, मग तुमचं, आणि तुमच्याला शेवटी ओवना. अण्णांनी ते म्हणून बघितलं. जीभ अडखळली, पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा नीट आलं. "बरोबर म्हटलं न्हवं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरोबर. त्या दिवसापासून त्यांनी मला ओवनाच करून टाकलं. ओवना, चहा टाक. ओवना, दार लाव. चहाच्या टपरीवर सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, सालवडला राहणाऱ्या मित्राला मुद्दाम जाऊन सांगून आले, रशियात लेकीच्या नावातनं बाप पुसून टाकत न्हाईत म्हणून. लोक टिंगल करायचे, "काय अण्णा, जावई रशियातच बघितलाय वाटतं?" अण्णा हसायचे. मी त्यांना इतकं हसताना आधी फारसं बघितलं नव्हतं.

स्थळ रशियाचं नाही, पालघरचं आलं. आमच्याच सांगलीकडून तिकडे जाऊन स्थायिक झालेलं घर, मुलगा एका ऑफिसात कारकून. रीतीप्रमाणे आम्हा दोघांना बोलायला म्हणून त्यांच्या गच्चीवर सोडलं. मी आवडीनिवडीत वेळ घालवला नाही. सरळ म्हटलं, आडनाव तुमचं घेते, पण माझं पहिलं नाव बदलायचं नाही, आणि मधे माझ्या वडिलांचंच राहील. त्यांना माझ्याशिवाय कोणी नाही. तो शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांकडे बघत होता. "राहू दे की," म्हणाला. "मला काय फरक पडतो?" मी पुन्हा विचारलं, नक्की ना? "सांगितलं ना, राहू दे," तो म्हणाला. याला शब्द दिला असं म्हणतात का नाही? मी तरी तसंच समजले, आणि घरी येऊन अण्णांना सांगितलं.

अण्णा त्या रात्री जेवताना दोनदा भात मागून घेऊन जेवले. आणि मग त्यांनी भांड्यांचं काम काढलं. लग्नात मुलीला भांडी देतात त्यांवर देणाऱ्याचं नाव घालतात, अमक्याकडून सप्रेम भेट वगैरे. बोईसरच्या बाजारात टकटक करत नाव घालणारा एक जण बसायचा. त्यानं पहिलं पातेलं मांडीत घेतलं आणि विचारलं, कोणाकडून घालू? "कुणाकडनं न्हाई," अण्णा म्हणाले. "मालकिणीचं नाव घाल." आणि त्यांनी माझं नाव सांगितलं, मग स्वतःचं, मग पालघरच्यांचं आडनाव. त्या माणसानं एकदा माझ्याकडे, एकदा अण्णांकडे बघितलं. "काका, मधे नवऱ्याचं पाहिजे ना?" अण्णांनी त्याला तिथेच उभं राहून सगळा रशिया ऐकवला. तो मान हलवत ऐकत होता आणि हात चालू होते. हंडा, कळशी, पातेली, डबे, ताटं, पेले, सगळ्यांवर आम्ही दोघं आणि शेवटी त्यांचं आडनाव. घरी आल्यावर अण्णा एकेक भांडं उजेडाकडे धरून वाचत बसले.

लग्न पालघरच्या एका हॉलमध्ये झालं. तांदळात नाव लिहायचं ते खरं तर सासरी गेल्यावर करतात, बापाच्या माघारी. पण हॉल संध्याकाळपर्यंत आपलाच होता, पाहुणे होते, म्हणून त्यांनी तिथेच उरकायचं ठरवलं. त्याआधीच रुखवतापाशी त्यांच्या बायकांची कुजबुज सुरू झाली होती. एकीनं पातेलं फिरवून वाचलं आणि दुसरीला म्हणाली, "मधे बापाचं नाव? भांडी परत न्यायची आहेत की काय?" सगळ्या हसल्या. अण्णा तिथेच उभे होते. तेही हसले. त्यांना वाटलं, थोड्या वेळानं कळेलच यांना.

ताट आलं, तांदूळ पसरले. नवऱ्यानं बोटातली अंगठी काढली. मी त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे बघत नव्हता. तो लिहू लागला. अण्णा ताटाच्या पलीकडे होते, त्यांना अक्षरं उलटी दिसत होती. त्यांनी खिशातून चष्मा काढला, माणसांतून वाट काढत माझ्या बाजूला आले आणि वाकून वाचलं. पहिलं नाव कुठलंसं नवंच, सासूबाईंच्या आवडीचं. मधे नवऱ्याचं. शेवटी त्यांचं आडनाव. माझं म्हणावं असं एक अक्षर त्या ताटात नव्हतं. अण्णा वाकलेलेच राहिले, पुन्हा एकदा वाचलं. मागून कोणीतरी नाव मोठ्यानं पुकारलं, बायकांनी छान आहे, छान आहे म्हटलं आणि पेढे वाटायला सुरुवात झाली. एक पेढा अण्णांच्याही हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चघळत राहिले.

नंतर मी नवऱ्याला विचारलं. "सकाळी आईनं सांगितलं असं लिही," तो म्हणाला. "भर लग्नात तिचं मन कसं मोडू?" माझ्या तोंडाला पानं पुसली त्याचं त्याला काहीच वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात आपण काही वावगं केलं असं त्याला आजही वाटत नाही. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. सासूबाई म्हणाल्या, आम्हा सगळ्यांची नावं बदलली, आम्ही मेलो का? त्यांनाही त्यांचं लहानपणीचं नाव विचारावं असं माझ्या जिभेवर आलं होतं, विचारलं नाही. भांडी त्यांनी माळ्यावर टाकली. चार लोकांत कशी काढायची ती, म्हणाल्या.

आता उरला कारखाना. तिथल्या हजेरीपटावर माझं जुनंच नाव होतं, वडिलांसकट. साहेब नाव बदलून घ्या म्हणून दोनदा म्हणाले, मी बघू, बघू करत राहिले. सकाळी पालघरहून एसटीनं बोईसरला उतरलं की मी माझी व्हायची, संध्याकाळी परत त्या तांदळातल्या नावाची. त्या थंडीत ती रशियन बाई पुन्हा आली, या वेळी एकटीच. तिला मी तांदळाचं सांगितलं. मग होती तितके दिवस ती भर कारखान्यात, साहेबांसमोर, मला मोठ्यानं माझ्या नावानं आणि अण्णांच्या नावाला ओवना लावून हाक मारत राहिली. संध्याकाळी घरी जाताना मी वाट वाकडी करून सरावलीला डोकवायची. अण्णा विचारायचे, "आज मारली का तिनं हाक?" मारली म्हटलं की म्हणायचे, "म्हंजी तिथं तरी हाय." मोठ्या माणसानं एवढ्याशा गोष्टीवर जगावं, याचं मला वाईट वाटायचं आणि सासरच्यांचा संतापही यायचा.

पुढे ऑर्डरी कमी होत गेल्या आणि मग थांबल्याच. रशियात काहीतरी चाललंय असं पेपरात येत होतं, पण पेपरात काय, रोजच काहीतरी येतं. मग कळलं की तो देशच मोडला. पॅकिंगमधल्या बायकांना हे मी कसं सांगावं? "कंपनी बंद पडते, आमी बघितलाय," मनोरकडची म्हातारी म्हणाली. "आख्खा देश बंद कसा पडंल?" मला विचारत होती, कारण कागद मी वाचायची. आमचा तयार माल गोदामात तसाच पडून राहिला. ज्यांच्या नावानं तो जायचा त्या आडनावांचं काय झालं, लोहाराच्या त्या बाईचं काय झालं, कोणालाच माहीत नव्हतं. कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. ती बनियनं मग बोईसरच्या बाजारात रस्त्यावर ढीग लावून विकली गेली, गळ्याशी रशियन लेबल तसंच. माझा नवरा त्यातलीच घेऊन आला, स्वस्त मिळाली म्हणून खुशीत होता. मीच ती धुवायची आणि वाळत घालायची.

कुलूप लागल्याच्या दिवशी मी अण्णांकडे गेले. त्यांना वाटलं मी नोकरीसाठी रडते. खरं तर त्यासाठीही रडत होते. "दुसरी मिळंल," ते म्हणाले. मी म्हटलं, मिळेल, पण तिथे कागदावर पालघरचंच नाव लागेल. ते खाटेच्या कडेवर बसले होते, खोकत होते. खोकला तेव्हाच सुरू झाला होता. "म्हंजी आता तिथंबी न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "जाऊ दे, तू संध्याकाळची एसटी धर, उशीर नको करूस. ते वाट बघत्यात." त्यानंतर त्यांनी मला ओवना म्हटलेलं मला आठवत नाही. मी त्यांच्या तोंडून तो शब्द काढायचा प्रयत्न केला, मुद्दाम रशियाच्या गोष्टी काढल्या. ते हूं म्हणायचे आणि विषय बदलायचे.

इतक्या वर्षांच्या रंगानं अण्णांची छाती पोखरली होती. दुसरी नोकरी मला मिळाली नाही, त्यामुळे बोईसरला जायला निमित्तही उरलं नव्हतं. त्यांना पालघरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा निदान रोज डबा न्यायची सोय झाली. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात डबा शोधत होते, तर सासूबाईंनी माळ्यावरून माझ्या लग्नातला एक काढून दिला. "यावर त्यांचंच नाव आहे," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडेच राहू दे." हे त्या चांगल्या मनानं म्हणाल्या की वाईट, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी डबा घासला, त्यात मऊ भात भरला आणि गेले.

अण्णा उशीला टेकून बसले होते. अंगात काही राहिलं नव्हतं. मी डबा त्यांच्या हातात दिला, मुद्दाम नाव त्यांच्या बाजूला करून. मला वाटलं ते वाचतील, हसतील, एकदा तरी ओवना म्हणतील. त्यांनी नावावर अंगठा फिरवला. वाचायची गरज नव्हती, त्यांनी समोर उभं राहून घालून घेतलं होतं ते. तेवढ्यात एक नर्सबाई आल्या, त्या दिवशीच ड्युटीवर आलेल्या. "आजोबा, या कोण तुमच्या?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी डबा बाजूला ठेवला, नाव भिंतीकडे करून. जरा ताठ बसले. आणि त्यांनी माझं नाव सांगितलं. तांदळातलं नाव, जे त्यांनी त्या दिवसापर्यंत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मग माझ्या नवऱ्याचं. मग पालघरचं आडनाव. दम लागत होता म्हणून प्रत्येक नावापाशी थांबावं लागत होतं, पण कुठे चुकले नाहीत. सरावलीच्या त्या खोलीत एकटे बसून कधी पाठ केलं होतं कोण जाणे. "आमच्याकडं येत असत्यात," ते नर्सबाईंना म्हणाले. "लांबनं न्हाई, हितलंच घर हाय त्यांचं."

नर्सबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"बरोबर म्हटलं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"बरोबर," मी म्हणाले, आणि डब्याचं झाकण उघडलं.